वाड्यातील वाऱ्याची वाट

चैत्र सरत आला की फलटणच्या बाजारपेठेतील दुपार निराळी भासू लागते. गिऱ्हाइकांची वर्दळ सकाळी लवकर आटोपते, रस्ता रिकामा होतो आणि पेढीवरचा पंखा गरम हवाच फिरवीत राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. नीरा उजव्या कालव्याने येथील शिवारात ऊस आणला, परंतु एप्रिल-मे महिन्यांतील ऊन सौम्य केले नाही. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा जुन्या वाड्यातील खालचे माजघर पुष्कळसे सुसह्य असते. वरच्या मजल्यावर मात्र रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते.

हाच वरचा मजला बहुधा मुलगा-सून आणि लहान नातवंडे यांच्या वाट्याला आलेला असतो. दोन-तीन उन्हाळे कसेबसे काढल्यानंतर गावाबाहेरील नव्या वसाहतीतील सदनिकेचा विषय घरात निघतो. तीन पिढ्या एका उंबरठ्याच्या आत नांदलेले घर केवळ उष्म्यापायी दोन ठिकाणी विभागले जाते. म्हणून जुन्या घराचे नूतनीकरण काढताना गारव्याची योजना ही चैनीची बाब मानता येणार नाही. कित्येक कुटुंबांत एकत्र राहणे शक्य होणार की नाही, हेच त्या योजनेवर ठरते.

ही योजना करताना सर्वत्र घडणारी एक चूक आहे. गवंडी, सुतार, रंगारी यांची कामे उरकली, छताला पीओपी लागले, की अखेरीस एसीचा कारागीर बोलावला जातो. मग नव्या भिंती फोडल्या जातात, तुळईला भोक पडते आणि निथळणारे पाणी नेण्यासाठी दर्शनी भिंतीवरून प्लास्टिकची नळी लोंबू लागते. हवेची वाट, म्हणजे ज्याला कारागीर डक्ट म्हणतात ती, घराच्या आराखड्यात सर्वांत आधी यायला हवी.

वाड्याची मूळ व्यवस्था

डक्ट ही कल्पना परकी वाटली, तरी हवेला ठरावीक वाटेने नेण्याचे शास्त्र आपल्या वाड्यांत होतेच. फलटणचा मुधोजी मनमोहन राजवाडा पाहिला, किंवा पेठेतील एखादे साधे चौकाचे घर पाहिले, तरी त्यामागील विचार एकच दिसतो. मधला चौक आकाशाला उघडा असतो. रात्री तेथील फरशी आणि हवा लवकर निवते. ही जड, गार हवा सोप्यात आणि माजघरात पसरते. तापलेली हलकी हवा वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. जाड भिंती दिवसभराची उष्णता शोषून ती आत पोहोचण्यास उशीर लावतात. माळवदावरील पांढऱ्या मातीचा जाड थर उन्हाला अडवतो. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीतही जुनी आहे.

मग तोच वाडा आज का तापतो? एकेका दुरुस्तीने त्याची वाट अडवली आहे. कोठे पावसाच्या त्रासामुळे चौकावर पत्रे आले. कोठे गळणारे माळवद काढून त्या जागी उघडा काँक्रीटचा स्लॅब पडला. कोठे शेजारची इमारत उंच झाली आणि झरोके बुजले. म्हणून नूतनीकरणापूर्वीचे पहिले काम यंत्र निवडण्याचे नाही. एका उन्हाळी दिवशी पहाटे, दुपारी आणि रात्री प्रत्येक खोलीचे तापमान साध्या तापमापकाने मोजून वहीत मांडावे. उदबत्तीचा धूर कोठे ओढला जातो, कोठे साचतो, हे पाहावे. ज्या घरात रोजमेळ लिहिण्याची सवय आहे, त्या घराला हे कठीण नाही. आणि या एका पानावरून पुढील निम्मे निर्णय आपोआप होतात.

आधी उन्हाला अटकाव

वरच्या मजल्यावर येणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग छतातून येतो. तो न अडवता यंत्र बसविणे म्हणजे भोक असलेल्या पोत्यात धान्य भरणे होय. स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइलींचे चायना मोझॅक करणे, निदान चुन्याचा किंवा परावर्तक पांढरा लेप देणे, हा यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेविरुद्ध कृती आराखडा अमलात आणला, आणि २०१७ पासून छते पांढरी करण्याच्या उपक्रमाची त्याला जोड दिली. तेथील ऊन फलटणपेक्षा सौम्य नाही.

पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छाया हवी. आतील पडदा ऊन खोलीत आल्यानंतर त्याला अडवतो. बाहेरील छज्जा किंवा वाळ्याचा पडदा ते भिंतीपलीकडेच थोपवतो. चौकावर पत्रे असतील, तर त्यांच्या कडेने जाळी बसवलेली मोकळी फट ठेवून गरम हवेला वर जाऊ द्यावे. एवढे झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी. ज्या घराला आधी चार टन क्षमतेचे यंत्र लागेलसे वाटत होते, त्याची गरज किती उतरली ते तेव्हा कळते. गरजेहून मोठे यंत्र घेणे हा अपरिग्रहाच्या दृष्टीने दोष आहेच, शिवाय व्यवहारातही तो तोट्याचा सौदा आहे. फार मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते. हवेतील ओल पुरेशी काढली जात नाही आणि खोली गार पण दमट राहते.

पाण्याचा गारवा की यंत्राचा?

डक्टमधून कोणती हवा न्यायची, याचे दोन मार्ग आहेत. पहिला पाण्याच्या बाष्पीभवनाचा, म्हणजेच मोठ्या कूलरचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. कोरड्या उन्हाळ्यात, बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना, चांगल्या पॅडचा कूलर सुमारे २६ अंशांपर्यंत हवा उतरवू शकतो. विजेचा खर्च पंख्याचा आणि लहान पंपाचा तेवढाच. परंतु पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि घर दमट करतो.

टोरंट कंपनीच्या अहमदाबादजवळील संशोधन केंद्रात हेच तत्त्व इमारतीच्या रचनेत गुंफले आहे. उंच मनोऱ्यांच्या माथ्याशी पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडले जातात, गार झालेली जड हवा आपोआप खाली उतरते आणि कडेच्या मनोऱ्यांतून बाहेर पडते. पावसाळ्यात मात्र तुषार बंद ठेवून पंख्यांवर काम चालवण्याची तेथे योजना आहे. ऋतुमानाप्रमाणे साधन बदलावे, हा त्यातील धडा वाड्यालाही लागू पडतो.

दुसरा मार्ग वातानुकूलनाचा. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी पहिली आधुनिक यंत्रणा आखली, ती मुळात कागदाला लागणाऱ्या दमट हवेवरील उपाय म्हणून. म्हणजे हे यंत्र हवा गार करते, तशीच कोरडीही करते. येथे पाणी खर्च होत नाही, वीज होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने खोलीच्या एसीचे मूळ तापमान २०२० पासून २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक केले आहे. तापमान एका अंशाने वाढवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो.

फलटणसारख्या गावी दोहोंचा मेळ घालता येतो. दिवाणखाना, सोपा, जिन्याची जागा यांना कूलरची हवा. आणि झोपण्याच्या दोन खोल्यांना लहान वातानुकूलन. मात्र दोहोंची डक्ट एक करता येत नाही. कूलरला बाहेरची ताजी हवा सतत आत आणि तेवढीच बाहेर लागते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. एसीला दारे-खिडक्या बंद लागतात. एकाच खोलीत दोन्ही एकदम चालवणे म्हणजे एका हाताने पाणी ओतून दुसऱ्याने पुसणे.

खणांच्या हिशेबाने डक्ट

वाड्याची लांबी-रुंदी पूर्वी खणांत मोजत. दोन तुळयांमधील अंतर तो खण; तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. डक्टची वाट ठरवताना हेच माप पुन्हा हाती घ्यावे. तुळईला समांतर, खणाच्या पोटातून डक्ट नेली, तर ती तुळईच्या आडोशाला लपते. तुळई ओलांडून न्यायची म्हटली, तर ती खाली लोंबते किंवा कोणीतरी तुळईला खाच पाडते. सागवानी तुळईला मधोमध पाडलेली खाच ही घराच्या कण्याला केलेली इजा आहे. ती कोणत्याही सोयीसाठी होऊ देऊ नये. आडवे जायचेच असेल, तर भिंतीलगत, खोलीच्या कडेने जावे.

मापाचे गणित अवघड नाही. एक टन थंडाव्यासाठी मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. घरातील फाट्यांमध्ये हवेचा वेग मिनिटाला ६०० फुटांच्या आसपास ठेवला, तर ४०० भागिले ६०० म्हणजे दोन-तृतीयांश चौरस फूट, म्हणजेच ९६ चौरस इंच जागा लागते. १२ इंच रुंद आणि ८ इंच उंच डक्टमध्ये ते बसते. बाहेरून एक इंच उष्णतारोधक आवरण धरले, तर १४ बाय १० इंच. तुळईची उंची फूटभर असेल, तर ही डक्ट तिच्या बाजूला सहज मावते आणि मधल्या खणांतील कडीपाट उघडा ठेवता येतो. सबंध छत पीओपीने झाकण्याची गरज पडत नाही. जागा वाचवण्यासाठी डक्ट अर्ध्या मापाची केली, तर हवेचा वेग दुप्पट होतो, अडथळा सुमारे चौपट होतो, पंखा दमतो आणि रात्रभर फुसफुस ऐकू येते. ज्या घरात पहाटे सामायिकाला बसणारी वडीलधारी माणसे आहेत, तेथे ही फुसफुस लहान गोष्ट नाही.

उभ्या वाटेसाठी जुनी घरे उदार असतात. बंद पडलेले धुराडे, भिंतीतील धान्याचे रिकामे बळद, जिन्याखालची अंधारी कोठी यांचा उपयोग होतो का, ते पाहावे. मात्र अशी पोकळी केवळ मार्ग म्हणून वापरावी आणि तिच्यातून पत्र्याची स्वतंत्र, सांधे बंद केलेली डक्ट न्यावी. उघड्या मातीच्या भिंतीलाच डक्ट मानले, तर धूळ आणि ओल थेट श्वासात येते.

जाणारी हवा जितकी महत्त्वाची, तितकीच परतणारी. वाड्यातील दारांना उंबरठा असल्यामुळे दार लावले की खाली फट राहत नाही. खोलीत हवा शिरते, पण परतत नाही. मग गारवा येईनासा होतो आणि दोष यंत्राला लागतो. दाराच्या वर किंवा भिंतीत जाळीचा झरोका ठेवला, की हा प्रश्न सुटतो. सांध्यांवर कापडी चिकटपट्टी न लावता लांबी भरून अॅल्युमिनियमची पट्टी लावून घ्यावी. अमेरिकेतील एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे तेथील सामान्य घरांत डक्टमधून फिरणारी २० ते ३० टक्के हवा गळतीत वाया जाते. छत बंद करण्यापूर्वी डक्ट चालवून प्रत्येक सांध्याशी उदबत्ती धरावी. धूर हलला, की गळती सापडली.

ओल आणि जीवरक्षा

जैन घराने या योजनेकडे विशेष लक्ष देण्याचे एक कारण येथे आहे. डक्ट ही अंधारी, बंद आणि सहसा न उघडली जाणारी जागा. तिच्यात ओल शिरली, की बुरशी धरते, कीटक येतात, त्यांच्यामागे पाली येतात. बाहेरचे तोंड उघडे राहिले, तर पारवे घरटे करतात. एकदा जीवोत्पत्ती झाल्यावर सफाई करणे म्हणजे हिंसा ओढवून घेणे. म्हणून यत्नाचार आराखड्यातच हवा.

पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेतील बाष्प सुमारे २६ अंशांच्या पृष्ठभागावर दवासारखे जमू लागते, आणि एसीच्या डक्टमधील हवा तर १३-१४ अंशांची असते. आवरणात कोठेही फट राहिली, की डक्टला घाम फुटतो, थेंब कडीपाटावर पडतात, लाकूड काळे पडते आणि वाळवीला आमंत्रण मिळते. म्हणून नायट्राइल रबराचे आवरण अखंड हवे. टांगण्याच्या पट्ट्यांच्या जागीही ते तुटता कामा नये. निथळणाऱ्या पाण्याच्या नळीला दर मीटरला किमान एक सेंटीमीटर उतार द्यावा आणि ते पाणी उघड्या डबक्यात साचू न देता झाडांच्या आळ्यात सोडावे.

बाहेरच्या प्रत्येक तोंडाला बारीक, काढता येणारी जाळी बसवावी. दर वळणाशी तपासणीचे झाकण ठेवावे. जे उघडता येत नाही, ते स्वच्छ राहत नाही. गाळणी दर पंधरवड्याला काढून झटकावी. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून सुकवावी, म्हणजे डासांची वाढ मुळातच होत नाही. दररोज पंप बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेवला, तर पॅड कोरडे होते. चातुर्मासापूर्वी कूलरचे पाणी बंद करून, पॅड काढून, तोंडे झाकून ठेवावीत.

दुकान, चौका आणि देवघर

खाली पेढी आणि वर घर, ही पेठेतील जुनी रीत. दोहोंची हवा एक करू नये. मिरची, तेल, धान्याची धूळ किंवा कापडाचे तंतू वर जातात; आणि दुर्दैवाने खाली आग लागलीच, तर डक्ट धुराला थेट निजण्याच्या खोलीत पोहोचवते. मजल्यांच्या सीमेवर डक्ट न्यावीच लागली, तर तेथे आगीच्या वेळी आपोआप मिटणारी झडप हवी. वीजजोडणीही वेगळी ठेवावी, कारण दुकानाचा आणि घराचा दर निरनिराळा असतो. मंजूर भार पुरेसा आहे का, जुन्या तारा तो पेलतील का, हे महावितरणकडून आणि परवानाधारक वीज कारागिराकडून आधीच तपासून घ्यावे.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतून परतीची हवा कधीही घेऊ नये. फोडणीचा वास सबंध घरात फिरतो आणि तेलाचा थर गाळणीवर बसतो. ज्या घरी मुनींच्या आहारासाठी चौका लावला जातो, त्या घरी त्या जागेकडे जाणाऱ्या फाट्याला हाताने मिटण्याची झडप असावी, म्हणजे यंत्राचा वारा तेथे पूर्ण बंद ठेवता येईल. देवघरातील समईवर झोत येणार नाही, अशीच जाळीची दिशा ठेवावी. ही बारीक बाब कारागीर स्वतः विचारणार नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आराखड्यावर बोट ठेवून ती सांगितली पाहिजे.

थंडीचा विचार येथे दुय्यम आहे. पौषातील पहाट बोचरी असली, तरी जाड भिंतींच्या घरात ती बहुतेकांना सोसते. आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर त्या एका खोलीसाठी गरम हवाही देणारे उलटसुलट चालणारे यंत्र घ्यावे. चांगले यंत्र एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता देते. गरम हवा वर चढते, म्हणून जाळीची पाती त्या दिवसांत खाली वळवता यायला हवीत; नाहीतर कडीपाट तापतो आणि पाय गारच राहतात.

कामाचा क्रम

दिवाळीनंतर काम काढणे सर्वांत सोयीचे. पावसाळ्याची ओल भिंतींतून निघून गेलेली असते आणि उन्हाळ्यापूर्वी हाती पाच महिने असतात. मोजणी मात्र आदल्या उन्हाळ्यातच केलेली हवी. प्रथम छत आणि छाया. मग रचनातज्ज्ञाकडून तुळया, खांब आणि माळवद यांची तपासणी. मग कागदावर डक्ट, पाण्याची नळी आणि वीज यांची एकत्र वाट. त्यानंतर यंत्राची निवड. आणि रंग सर्वांच्या शेवटी. पाण्याने भरलेला मोठा कूलर किंवा एसीचे बाहेरचे यंत्र माळवदाच्या मध्यावर कधीही ठेवू नये. त्याचा भार थेट भिंतीवर उतरला पाहिजे. चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा प्लास्टिक रंगाचा बंद थर देऊ नये. त्या भिंती ओल बाहेर टाकून जगतात. आणि डक्टचा अंतिम नकाशा, मापांसह, घराच्या कागदपत्रांत ठेवावा. वीस वर्षांनी खिळा ठोकणाऱ्या नातवाला तो लागेल.

खर्चाची बेरीज करताना यंत्राची किंमत सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. छत, आवरण, जाळी, झडप आणि तपासणीची झाकणे या बाबी मात्र घासाघिशीत सहज गळतात, कारण काम पुरे झाल्यावर त्या दिसत नाहीत. व्यापारी घराला हे वेगळे सांगावयास नको की नफा पुष्कळदा न दिसणाऱ्या बाबींतच असतो. त्या टिकल्या, तर वैशाखातील एखाद्या रात्री वरच्या मजल्यावरचे मूल न चिडचिडता झोपी जाईल, खाली आजोबांचा जप शांतपणे चालेल, आणि सदनिकेचा विषय त्या वर्षी कदाचित निघणारही नाही.